आप्पांनी धरलेली वायर

माझा मित्र विवेक काही थापा मारणाऱ्यातला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. मग त्याचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं.

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. शनिवार. ब्रेडा, विवेकचं परदेशातलं नोकरीचं गाव.

साडेचारलाच अंधारून आलं होतं. विवेकच्या इमारतीमागं भाड्याच्या गॅरेजांची रांग आहे, पत्र्याच्या दारांची. त्यातलं शेवटचं त्याचं. तिथं त्याची जुनी गाडी असते. ती तेल पिते, पण सांगत नाही. म्हणून त्यानं सेन्सर मागवला होता. तेल कमी झालं की डॅशबोर्डवर दिवा लागणार, एवढंच.

मेकॅनिककडे न्यायला काय झालं होतं? पण हा पडला मिरजेच्या गॅरेजवाल्या यादवराव मिस्त्रींचा मुलगा. आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नाही. शिवाय शनिवार-रविवार करायचं काय? घरात बोलायला चिटपाखरू नव्हतं.

आणि खरं दुखणं वेगळंच होतं.

मार्चपासून आप्पा, म्हणजे यादवराव, अंथरुणाला खिळलेले. अर्धांगवायू. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. विवेकचं तिथं राहायचं परमिट नूतनीकरणात अडकलेलं. नवं कार्ड येईपर्यंत देश सोडू नकोस, असं ऑफिसनं बजावलेलं. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. आप्पा नुसते छताकडे बघायचे.

"आप्पा, एकदा हाक मारा ना," हा म्हणायचा. त्या आवाजासाठी झुरत होता बिचारा.

असो. त्यानं इंजिनाच्या चेंबरमधलं तेल काढलं. सेन्सर बसवला, वायसर टाकून आवळला, तेल पुन्हा भरलं. डॅशबोर्डवर छोटा लाल दिवा बसवून तिथून वायर इंजिनापर्यंत आणली. सेन्सरला जोडायच्या आधी एकदा तपासायचं होतं. वायरचं उघडं टोक बॉडीला टेकवायचं. आत दिवा लागला की काम फत्ते.

पण हे दोघांचं काम. एकानं बॉनेटखाली वायर धरायची, दुसऱ्यानं आत बसून दिवा बघायचा. लहानपणी आत विवेक बसायचा. आप्पा ओरडायचे, "लागला का?" आतून उत्तर आल्याशिवाय ते वायर सोडायचे नाहीत. पोरगा खेळण्यात विसरला, तरी तसेच वाकून उभे राहायचे.

ब्रेडात दुसरं कोण होतं?

वायर लोंबकळत ठेवून विवेक लहानपणीसारखा आत जाऊन बसला. चावी फिरवली. दिवा बंद... असणारच. समोर उघडं बॉनेट. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

तो तसाच बसून राहिला. एकटा.

आणि बॉनेटमागून आवाज आला...

"लागला का?"

विवेकच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नाही, आप्पा."

खुडबुड झाली. कुणीतरी घसा खाकरला...

दिवा लागला.

लालभडक.

"लागला का?"

 दार ढकलून तो बाहेर धावला.

बॉनेटपाशी कुणीही नव्हतं.

वायर हवेत लोंबकळत होती, कशालाही न टेकता. आत दिवा जळतच होता.

तेवढ्यात फोन वाजला. आई. कांताबाई.

"विवेक, अरे हे बोलले! मघापासून बोलतायत!" ती रडतेय की हसतेय, कळत नव्हतं. "सारखं एकच. 'लागला का' म्हणतायत. काय लागला रे? आणि तो लुळा हात वर उचललाय. चिमटीत काहीतरी धरल्यासारखा. मी सोडवायला गेले, तर सुटेना. बोटं काळी झालीत... गाडीच्या तेलाचा वास येतोय."

फोनमध्ये आईच्या मागून त्याला ऐकू आलं. दमलेला, ओळखीचा आवाज.

"लागला का?"

आठ महिने ज्यासाठी झुरला, तोच. विवेक ढसाढसा रडला.

"आई, त्यांचा हात दुखतोय का गं?"

"थरथरतोय बाळा. घामाघूम झालेत."

"फोन त्यांच्या कानाला लाव."

त्यानं डोळे पुसले. आत दिव्याकडे बघितलं. आणि लहानपणी ओरडायचा तसा ओरडला, "लागला, आप्पा! सोडा आता!"



"सुटला," आई म्हणाली. "हात सुटला बघ."

गाडीतला दिवा विझला.

आई त्यांना हलवून हाका मारू लागली. मग तिचा हंबरडा ऐकू आला.

परवा मी ब्रेडाला गेलो होतो. गाडी तशीच उभी आहे, बॉनेट उघडं. वायर त्यानं अजून जोडलेली नाही. संध्याकाळी आत जाऊन बसतो म्हणे, चावी फिरवतो... आणि ऐकत राहतो.

निघताना त्यानं मला दाराशी थांबवलं.

"मी उत्तर दिलं नसतं, तर त्यांनी वायर धरून ठेवली असती ना रे?"

 मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्टेशनकडे चालू लागलो.