डोमाचे पाय आणि लाखोळीचं पाणी

हे मी लिहिणारच नव्हतो. यातला खुशाल म्हणजे मीच, आणि त्यानं जे केलं ते सांगायला अजूनही जड जातं.

१९५६ची उन्हाळ्याची सुट्टी. खुशाल, त्याची बहीण गोकुळा आणि तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या घरचा डोमा, तिघं टेकडी चढायला निघाले. डोमा बांधावरच पडला. उठला, पुन्हा पडला. पाय लाकडासारखे ताठ. टाचा टेकेचनात.

"नाटकं नको करू बे," खुशाल म्हणाला.

"करून नाई राह्यलो. पायच आयकत नाई माहे."

मोठी माणसं म्हणाली, वारं धरलं असेल, तेल चोळा. पण गोकुळाच्या लक्षात आलं, गावातले मोठे जमीनदार भैयाजी, त्यांच्या शेतावरचे दोन मजूरही असेच चवड्यांवर चालतात. भैयाजी मजुरी म्हणून लाखोळीची डाळ द्यायचे. तळं आटून मासे संपले, तेव्हापासून डोमाची आईही त्यांच्याकडेच मजुरीला, आणि घरात तिन्ही वेळा तीच डाळ.

"आपण बी तं खातो लाखोळी," खुशाल म्हणाला. "आपले पाय काऊन धड?"

दोघं डोमाच्या आईच्या, रुखमाबाईच्या, चुलीशी जाऊन बसले. खुशालच्या घरी डाळ उकळून पाणी फेकत, आणि सोबत भात असायचा. रुखमाबाई थेंबही फेकत नव्हती. ताकद येते म्हणून ते दाट पाणी लेकाला पाजत होती.

डोमा उपाशी राहू नये म्हणून दोन महिने खुशालच घरून लपवून लाखोळी आणून देत होता. तांदूळ घेतले असते तर आईला कळलं असतं.

भैयाजींना हा पोरखेळ वाटला. पण ते बैलबंडीनं नागभीडला निघाले तेव्हा गोकुळा डोमाला घेऊन आत बसली, ती उतरेचना.

नागभीडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा निरोप आला की नस चेतते, पाय उचलतो. मग तिनं निवायला पाहिजे. या डाळीतलं विष तिला निवूच देत नसावं. चेतून चेतून ती मरते. हा माझा अंदाज. लाखोळी बंद करा. गेलं ते येणार नाही, पुढचं थांबेल."

भैयाजींनी तिथंच मजुरीत धान द्यायचं कबूल केलं. डॉक्टरांनी पोरांना शाबासकी दिली. खुशालला वर बघवेना.

परतताना त्यानं डोमाला सांगितलं, पाय आपण आणून दिलेल्या डाळीनंही गेले.

"शाळेत जायले मले आता रोज उशीर होईन," डोमा म्हणाला.

"मंग मले बी होईन. मी तुह्या चालीनंच येईन. गुरुजीनं बाहेर उभं केलं तं दोघं उभे राहू."