कोटाची बाही

ही घटना खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो रवींद्र आजही वालचंदनगरला राहतो. ज्या फोटोमुळे हे सांगावं लागतंय, तोही त्याच्या घरात भिंतीवर आहे.

१९९४ चा मे महिना. रणरणती दुपार. भुताखेतांची आठवणही होऊ नये अशी वेळ.

रवींद्रचे वडील ज्ञानदेव वारले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. दरवर्षी पुण्यानुमोदनाला, म्हणजे स्मृतिदिनी, फोटोच्या जागी त्यांचा फेटा ठेवत. आता आई, तुळसाबाई, थकली होती. तिचा तरी फोटो असावा असं रवींद्रला वाटे, पण ती स्टुडिओत यायला काही केल्या तयार नव्हती.

म्हणून त्याने कॅमेराच बनवला.

चहाच्या खोक्याची पेटी. पुढे भिंग. फोटो आतल्या आत धुवायचा, म्हणून पेटीत औषधाचे दोन ट्रे. अंधारात हात घालता यावा म्हणून बाजूच्या भोकाला एक काळी बाही शिवलेली.

बाही वडिलांच्या कोटाची.

"त्येंच्या कोटाला कात्री लावलीस व्हय रं?"

"फाटकाच हुता की, आई. बस हितं. हिरोईनीवानी फोटू काढतो बघ."

"तोंडात दात न्हाय, आन् म्हनं हिरोईन!"

ती कडुलिंबाखाली खुर्चीवर बसली. पेटीतला फोटोचा कागद मंद होता, उजेड सावकाश टिपणारा; म्हणून बराच वेळ अजिबात हलायचं नव्हतं. मधून कोणी चालत गेलं, तर कागदावर उमटतही नसे.

अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

रवींद्रने भिंग झाकलं. बाहीतून हात घातला. चाचपडत कागद औषधात सोडला आणि ट्रे हलवू लागला.

लिंबावरचे कावळे गप्प झाले होते... कधी, ते कळलं नाही.

त्याने हात थांबवला.

आत औषध हिंदकळतच राहिलं... सावकाश. सवयीच्या हाताने हलवावं तसं.

मग त्याच्या तळव्यावर कुणीतरी ओला कागद ठेवला.

त्याने हात ओढून घेतला. कागद दोन्ही औषधांतून निघालेला, पूर्ण धुतलेला होता.

निगेटिव्ह. सगळं उलटं. आईचा चेहरा काळा. आणि तिच्या बाजूला एक माणूस. तोंड काळं, केस पांढरे. हात तिच्या खांद्यावर.

म्हणजे तो सगळा वेळ तिथे उभा होता... न हलता.

"त्येच आल्यात," तुळसाबाईचे डोळे भरून आले. "पर केस पांढरं कसं?"

"ह्यात उलटं दिसतं, आई."

"मग सुलटं कर की. तोंड बघू दे त्येंचं."

सुलटं करायचं, तर त्या कागदाचा पुन्हा फोटो काढायचा. पुन्हा बाहीत हात घालायचा. त्याला नको होतं. पण आई पदर सावरून वाट बघत बसली होती.

त्याने हात घातला.

या वेळी आत काहीच हललं नाही. फक्त बाही मनगटाशी आवळत गेली...

फोटो निघाला. आईने तो जवळ धरला. मग लांब धरला. तिचं हसू मावळलं.

"रवी... ह्यो तुजा बाप न्हाय."

तिने खांदा झटकला.

"त्यो कोट त्येंनी बारामतीच्या बाजारातनं जुनाच आनला हुता. कुनाचा, ठाव न्हाय."

पेटी त्याच संध्याकाळी जाळली. दिवाळीनंतर आई गेली. पुण्यानुमोदनाला फोटो हवा होता, आणि होता तो एकच. रवींद्रने कात्रीने तो माणूस कापून टाकला.

खांद्यावरची बोटं मात्र राहिली. ती कापायची, तर आईचा खांदा जात होता.

"काढून ठेवा ओ त्यो फोटू," बायको, पायल, अजून म्हणते. पण आईचा दुसरा फोटो नाही.

फ्रेमची काच पुसताना बोटांपाशी ओल दिसते... आतल्या बाजूने.

रवींद्र तेवढी जागा सोडून पुसतो.