संगीताच्या चित्रातली दोरी

"मी मेलो नाही, बाई. आधी हे ध्यानात घ्या."

दारात उभा असलेला माणूस उंच, रापलेला आणि संतापलेला होता. त्याच्या मागे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी खाली मान घालून उभी होती. सदाशिवराव हरदासांनी चहाचा कप खाली ठेवला आणि भाचीकडे पाहिलं.

त्यांची भाची गौरी मुळावकर यवतमाळात खाजगी तपासाचं काम करी. लग्नाआधीच्या चौकशा, विम्याचे वादातले दावे, असली कामं. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या मामांच्या घराची पुढची खोली हे तिचं कार्यालय आणि मामा हे तिचे मदतनीस. मदत कितपत होई हा भाग वेगळा. पण आपल्यावाचून तिचा तपास अडतो, अशी मामांची पक्की समजूत होती.

"बसा," गौरी म्हणाली. "तुम्ही मेलात असं कोण म्हणतं?"

"सारा जिल्हा!" त्यानं वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. "मी खेमसिंग राठोड. दिग्रसजवळच्या तांड्यावर राह्यतो. परवा ढाणकीहून माही बहीण छाती पिटत आली. मी दारातच बसलो होतो. मले पाहून किंचाळली अन् खालीच बसली!"

पानभर बातमी होती. ते २००६ साल होतं. कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं, कर्जापायी शेतकरी गळफास घेत होते आणि मुंबई-दिल्लीचे कॅमेरे गावोगाव रडणारे चेहरे शोधत हिंडत होते. बातमीत एका चित्राचा मोठा फोटो होता. लिंबाचं झाड, त्याखाली हात वर केलेला माणूस आणि फांदीवरून थेट त्याच्या मानेजवळ उतरलेली दोरी. खाली छापलं होतं : 'बापाच्या आठवणीने गहिवरला कुंचला. नववीतल्या संगीता राठोडच्या चित्राला पहिलं बक्षीस.'

"हीच संगीता," खेमसिंग म्हणाला. "शाळेत दर रविवारी चित्रकलेचा वर्ग राह्यते. हौसेनं धाडलं पोरीले. अन् तिनं मलेच फासावर टांगलं, असं लोक म्हणून राह्यले. हिच्या मायनं, हंसाबाईनं, दोन दिवस चूल पेटवली नाही."

"मी फास नाही काढला," मुलगी पहिल्यांदाच बोलली. "झोका काढलता. तीजेच्या सणाले बाप लिंबाले झोका बांधते, तो."

"ही दोरी तुझी?" गौरीनं फोटोवर बोट ठेवलं.

"माहीच हाय. पण दोन दोऱ्या होत्या. मधात फळी होती. एक दोरी अन् फळी कुठं गेली, मले नाही माहीत."

"शाळेत विचारलंत?"

"गेलतो," खेमसिंग म्हणाला. "मोठ्या बाई म्हणते, दोरी तुह्याच पोरीच्या हातची हाय, आता तुह्या धाकानं शब्द फिरवून राह्यली. माह्या धाकानं! आजवर पोरीवर हात नाही उचलला मी."

गौरीनं वर्तमानपत्राची घडी घातली. मग उठली. "मामा, चला. आधी खरं चित्र पाहू."

प्रदर्शन यवतमाळातच, एका सभागृहात भरलं होतं. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांची चित्रं भिंतींवर टांगलेली होती. प्रदर्शन भरवणारी आणि शाळांमधले रविवारचे वर्ग चालवणारी संस्था मुंबईची. संस्थेच्या अनघाताई खादीचा कुर्ता घालून पत्रकारांना चित्रं समजावून देत होत्या.

"या चित्रासमोर लोक रडतात," संगीताच्या चित्रापाशी थांबून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "इतकं खरं दुःख आम्ही कुठंच पाहिलं नाही."

"चित्रातला माणूस जिवंत आहे," गौरी म्हणाली.

अनघाताईंचा चेहरा पडला. "अहो, पण... हे चित्र काही आम्ही काढलेलं नाही. सगळी चित्रं शाळांकडून काचेत बसवूनच आली."

गौरीनं चौकट उतरवून उलटी केली. मागचा खाकी कागद कडेपर्यंत चिकटलेला होता. त्यावर दिग्रसच्या फ्रेमवाल्याचा शिक्का. कुठं फाटल्याची खूण नव्हती.

"वर्ग चालू असताना तुम्ही दिग्रसला गेला होता?"

"एकदा गेले होते. मुलं सण, जत्रा, सायकली असलं काहीबाही काढत होती." त्या किंचित अडखळल्या. "मी म्हटलं, सगळं फारच आनंदी आहे. पाहणाऱ्यांना या जिल्ह्याची व्यथा दिसली पाहिजे."

"कुणासमोर म्हणालात?"

"सगळ्यांसमोरच. मुलं होती, त्यांचे सर होते, मुख्याध्यापिका होत्या."

चौकट परत भिंतीवर टांगली तसे मामा चित्राला नाक लावून उभे राहिले. दोरी रेघ न् रेघ वळलेली, पिळासकट. आकाश निळं, एका बाजूला थोडं जास्तच दाट. माणसाची सावली गवतावर लांब पडलेली. तिच्या शेजारी दोन काळपट रेघा आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी.

"शिडी आडवी पडलीय बघ," ते म्हणाले. "झाडावर चढायला आणली असेल."

गौरीनं मामांकडे असं काही पाहिलं की आपण फारच हुशारीचं बोललो, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं दिग्रसला उतरली.

मुख्याध्यापिका सुनीतीबाई पन्नाशीच्या, टापटीप. खोलीत फायली ओळीनं लावलेल्या आणि टेबलावर हंस-कमळांचा रंगीत टेबलक्लॉथ.

"पोरीनं चित्र दिलं तेव्हा ते असंच होतं," त्या ठामपणे म्हणाल्या. "शेवटच्या रविवारी चारुदत्त सर नव्हते. सगळी मुलं गेल्यावर ही एकटीच रंगवत बसली होती. ओलं चित्र माझ्या हातात देऊन गेली. मी ते कपाटात ठेवलं."

"तेव्हा तुम्हाला धक्का नाही बसला?"

"या वर्षी कशाचा धक्का बसणार, बाई? मुलं पाहतात तेच काढतात. आणि बक्षीस मिळालं तर वाईट काय झालं? संस्था आमचा वर्ग पुढं चालवणार आहे. नवीन कलादालन देणार आहे."

उत्तर ऐकताना मामांचं कोपर पाण्याच्या पेल्याला लागलं. पाणी सगळ्या हंसांवर पसरलं. मामा ओशाळून रुमाल शोधू लागले.

"असू द्या हो," सुनीतीबाई फडकं फिरवत म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच मऊ झाला. "माझ्या हातचा आहे. फॅब्रिक पेंटिंगचा छंद आहे मला. कितीही धुवा, रंग हलत नाही."

मामांनी कौतुकानं मान हलवली. पांढरे हंस निळ्या पाण्यावर कागद कापून डकवल्यासारखे बसले होते.

चारुदत्त सर मैदानात लिंबाखाली भेटले. हडकुळे, दाढी वाढलेले. चित्राचा विषय निघताच त्यांनी डोळे मिटले.

"वडील अमरावतीला दवाखान्यात होते. त्यामुळं शेवटचा रविवार मी चुकवला. तोवर तिची फक्त पेन्सिल झाली होती. झाड आणि माणूस. परत आलो तर कपाटात हे! मला पाहवलं नाही. उलटं करून ठेवलं आणि तसंच फ्रेमवाल्याकडे नेलं. अभिषेक होता बरोबर."

"कपाटाची किल्ली?"

"एक मॅडमकडे, एक माझ्याकडे."

"रंग कुठले वापरता?"

"मुलांना पोस्टर कलरच. नुसतं ओलं बोट लागलं तरी पळतात. म्हणून झालेल्या चित्राजवळ मी पाण्याचा डबा ठेवू देत नाही."

"शेवटचं काय शिकवलंत?"

सरांचा चेहरा क्षणभर उजळला. "सावली! या मैदानात सगळ्यांना उन्हात उभं केलं. एकमेकांच्या सावल्या खडूनं आखायला लावल्या. आता माझी पोरं साधी वाटीसुद्धा सावलीशिवाय काढत नाहीत."

अभिषेक कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तोही नववीत. तो घुश्शातच होता.

"संगीताचंच चित्र पहिलं येणार हे ठाऊक होतं मले. हात चांगला हाय तिचा. पण माह्यं काहून नाही घेतलं? मी सायकल स्टँड काढलं. मॅडम म्हणे, सायकली काय, कुठंही असतात. दुःख काढ. मले नाही येत दुःख काढता."

त्यानं ते चित्र दाखवलं. सायकलींची रांग आणि जमिनीवर प्रत्येक चाकाची तारांसकट सावली.

परतताना एसटीत मामांनी निकाल दिला. "अभिषेकच. ज्याचं चित्र डावललं त्यानं दुसऱ्याचं बिघडवलं. चौकटीसाठी नेतानाच डाव साधला."

"बिघडवायला गेला आणि बक्षीस मिळवून दिलं?" गौरी म्हणाली. "मामा, जिवंत माणसाला मारलंय कुणीतरी. तेही त्याच्या पोरीच्या हातून."

बक्षीस समारंभाच्या सकाळी सभागृह उघडण्याआधीच तिनं सगळ्यांना बोलावून घेतलं. अनघाताई, सुनीतीबाई, चारुदत्त सर, अभिषेक. खेमसिंग आणि संगीता खिडकीपाशी उभे होते. हंसाबाई त्यांच्या शेजारी, पदर ओठांवर धरून.

"संगीता, तुझं चित्र आहे. चौकट उघडू?" गौरीनं विचारलं. मुलीनं मान डोलावली.

चित्र टेबलावर आलं.

"सगळे म्हणतात, दोरी संगीताच्या हातची आहे. बरोबर आहे. या चित्रात कुणी काही घातलेलंच नाही. काढून टाकलंय. एक दोरी आणि फळी आकाशाच्या रंगाखाली बुजवली. जे उरलं त्याचा फास झाला."

"याला पुरावा?" सुनीतीबाई म्हणाल्या.

"मामांनी पहिल्याच दिवशी दाखवला. फक्त ते त्याला शिडी म्हणाले." गौरीनं गवतावर बोट ठेवलं. "दोन रेघा आणि मध्ये आडवी पट्टी. ही सावली आहे. झोका पुसला, पण त्याची सावली जमिनीवर राहिली."

मामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आता पुसलं कुणी? अनघाताई नाहीत, कारण चित्र काचेत बंद होऊनच त्यांच्याकडे आलं. सर आणि अभिषेक, दोघांच्याही हाती ते आधी होतं. पण सावलीचा धडा एकानं दिला आणि दुसऱ्यानं इतका गिरवला की सायकलीच्या तारांची सावलीही सोडली नाही. यांनी झोका पुसला असता तर आधी सावली पुसली असती. हे काम रंग हाताळणाऱ्या, पण सावलीकडे कधी न पाहिलेल्या माणसाचं आहे."

तिनं कापसाचा ओला बोळा गवतावर टेकवला. बोळा हिरवा झाला. दुसरा झाडावर टेकवला, तो तपकिरी झाला. मग तिसरा, कोरा बोळा आकाशाच्या त्या दाट भागावर घासला. बोळा पांढराच राहिला.

"पोस्टर कलर पाण्यानं पळतो. हा हलत नाही. कितीही धुवा, हलणार नाही. सुनीतीबाई, तुमच्या टेबलक्लॉथवर मामांनी पाणी सांडलं तेव्हा हे तुम्हीच सांगितलंत. तुमच्या हंसांना सावली नाही, हेही तेव्हाच दिसलं."

चारुदत्त सरांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. निळ्या रंगामागून दुसरी दोरी हळूहळू दिसू लागली. मग फळी. रिकामा झोका, त्यावर अजून कुणी बसलेलं नव्हतं. हंसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सुनीतीबाई खुर्चीत बसल्या. पण नजर खाली गेली नाही.

"मी माझ्यासाठी केलं का? संस्थेला दुःख हवं होतं. नसतं दिलं तर वर्ग बंद पडला असता. एक दोरी बुजवली आणि पोरांना दालन मिळणार होतं. आता काहीच मिळणार नाही. कुणाचं भलं केलंत तुम्ही?"

"माह्यं," खेमसिंग म्हणाला. तो टेबलापाशी आला. मूठ आवळलेली होती, पण आवाज चढला नाही. "बाई, तुमाले दालन पाह्यजे होतं, तर माह्या मढ्यावर बांधायचं होतं काय? आमी काय फक्त मरासाठीच जन्मलो? आमच्या घरात सण होत नाही?"

संगीता पुढं आली. "मॅडम, तुमी मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तू दोरी पुसू दिली असतीस?"

"नाही," संगीता म्हणाली.

"मग?" सुनीतीबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी मान फिरवली.

अनघाताई घाईघाईनं मध्ये पडल्या. "आम्ही जाहीर माफी मागू. वर्तमानपत्रात दुरुस्ती छापू. आणि हे चित्र मागून उजेड सोडून लावू या. झोका दिसेल. केवढी मोठी गोष्ट होईल ती!"

"झाली तेवढी गोष्ट पुरे," गौरी कडाडली. मामांनी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "रंग यांनी लावला. पण 'फारच आनंदी आहे' असं म्हणून तुम्ही काय मागितलं होतं? तुम्हाला चित्रं नको होती, ताई. प्रेतं हवी होती. माफी मागा, दुरुस्ती छापा, पहिल्या पानावर छापा. आणि वर्ग चालू ठेवा. ती तुमची मेहरबानी नाही, भरपाई आहे."

संगीतानं सरांच्या हातून कागद घेतला आणि नीट गुंडाळला. "बक्षीस नको मले," ती म्हणाली. खेमसिंगनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिघंही दाराकडे निघाली. अभिषेकनं धावत जाऊन दार उघडून धरलं.

सुनीतीबाई उठल्या. पर्स सावरत अनघाताईंकडे वळल्या. "मलाच गुन्हेगार ठरवा. पण मी एकटीच होते, असं वाटतं का तुम्हाला? तुम्ही प्रत्येक शाळेत तेच बोलून आला होता."

त्या निघून गेल्या. अनघाताई भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या. भेगाळलेली रानं, पांढऱ्या कपाळाच्या बाया, रडणारी पोरं, ओळीनं काचेत बसवलेली.

बाहेर पाहुण्यांच्या गाड्या येऊन थांबत होत्या. कुणीतरी दार ठोठावलं.

"थांबायला सांगा त्यांना," अनघाताई म्हणाल्या. त्यांनी शेजारची चौकट भिंतीवरून उतरवली, टेबलावर पालथी ठेवली आणि मागचा खाकी कागद नखानं सोलायला सुरुवात केली.