समोरच्यानं आधी डिपर दिला

हेडलाइटचा फोकस लावायचा तर ट्रक भिंतीपासून बरोबर पंचवीस फुटांवर उभा हवा, खालची जमीन सपाट हवी आणि सगळ्या चाकांत हवा सारखी हवी. फ्यूजनं हे सगळं तपासलं. हवा मात्र दोनदा तपासली, कारण ती आबांनी भरली होती आणि आबांचा अंदाज हा घरात चेष्टेचाच विषय होता.

फ्यूज म्हणजे आबांची लेक. वस्तीच्या टोकाला तिची पत्र्याची शेड होती आणि ट्रकांच्या लाइटचं काम तिच्याइतकं चोख दुसरं कुणी करत नसे. नाव बापानंच ठेवलेलं, ती पटकन उडायची म्हणून. पण खुद्द आबांनाही गाड्यांच्या तळावर कुणी खऱ्या नावानं ओळखत नव्हतं. तिथे ते नुसते 'डिपर'. समोरून गाडी आली की आपला झोत खाली घ्यायचा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. हे सगळेच करतात. आबा मात्र सगळ्यांच्या आधी करायचे. दोन आखूड, एक लांब. ट्रकला करायचे, सायकलला करायचे, कडेला बंद पडलेल्या गाडीलाही करायचे. एकदा टेकडीमागून चंद्र वर आला तर त्यालाही डिपर दिला, असं तळावर सांगत.

"दिला होता," आबा म्हणायचे. "त्यानं उलट दिला नाही. काही लोकांना रीतच नसते."

चाळीस वर्षांत आपल्या आधी कुणी डिपर दिलेला नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता.

आता मात्र गाडी अडली होती ती डोळ्यांपाशी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. दिवसा काही अडचण नव्हती. दिवेलागणीला मात्र रस्त्याकडेच्या पाट्या विरघळायच्या. आबा अक्षरं शिकले पन्नाशीत, लेकीच्या जुन्या पुस्तकांवरून, आणि तेव्हापासून दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. गेल्या आठवड्यात त्यांनी 'पुढे शाळा आहे' हे 'पुढे शेळी आहे' असं वाचलं, गाडी थांबवली आणि खाली उतरून शेळी शोधली. आई शेजारच्या सीटवर पोट धरधरून हसली. घरी आल्यावर मात्र तिनं जेवताना ताट बाजूला सारलं.

"अहो, आज शेळी वाचलीत. उद्या माणूस उभा असेल आणि तुम्ही त्याला दगड वाचाल."

मग ठरलं ते असं. फ्यूजनं नवे बल्ब घालायचे, पुढे दोन जादा लाइट लावायचे. तिघांनी संध्याकाळी टेकडीचा रस्ता धरायचा. एकूण बारा पाट्या. बाराही बरोबर वाचल्या तर किल्ली आबांकडे. एक जरी चुकली तरी फ्यूजकडे. फ्यूजकडे जड गाडीचं लायसन्स होतं, हातही चांगला होता, आणि ट्रक आपल्याकडे यावा असं तिला वाटत होतं हे तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. आबांना ते माहीत होतं. म्हणून तर जीव जास्त अडकला होता. किल्ली हरायची नव्हती त्यांना.

सकाळपासून काम चाललं होतं. जुने बल्ब आतून काळे पडले होते. पिवळ्या काचा फ्यूजनं घासून लख्ख केल्या. नवा बल्ब तिनं कागदात धरून बसवला.

"बोट नाही लावायचं काचेला," ती म्हणाली. "बोटाचं तेल लागलं की तापल्यावर तडकते."

"आम्ही चाळीस वर्षं बोटं लावली."

"म्हणून चाळीस वर्षं अंधारात चालवलीत."

बॅटरीपासून थेट जाड वायर आणली, मध्ये रिले टाकला, म्हणजे बल्बला करंट पुरा मिळावा. बंपरवर दोन गोल लाइट बसले, ताटलीएवढे. फ्यूजनं हाय बीम लावला. गोल लाइट काही लागेनात. ती डॅशबोर्डखाली आडवी झाली, एक वायर सोडली, एक जोडली. तरी नाही. वैतागून तिनं हॉर्नवर मूठ आपटली, आणि दोन्ही गोल लाइट भक्कन पेटले. भिंतीजवळ खडू घेऊन उभ्या असलेल्या आईनं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"आबा," डॅशबोर्डखालून आवाज आला, "ही वायरिंग कुणी केली?"

"मीच. तू शाळेत होतीस तेव्हा."

"हाय बीमची वायर लाल. हॉर्नची लाल. वायपरची लाल."

"लाल रीळ होतं."

"सगळं एकाच रंगाचं कोण घालतं?"

"माणसाच्या अंगात काय रंगारंगाचं रक्त असतं?"

फ्यूज बाहेर आली ती उडायच्याच बेतात होती, पण आई हसायला लागली होती, आणि आई हसली की त्या घरात कुणाचं रागावणं टिकत नसे. "राहू दे गं तसंच," आई म्हणाली. "हाक मारली की डोळे उघडतो. गुणाचा आहे." मग फ्यूजनं हाय बीमची खरी वायर हुडकून तीही जोडली, पण हॉर्नचं राहू दिलं. हॉर्न वाजवला की डोळे मोठे करणारा ट्रक जगात हा एकच, असं आबांनी जाहीर केलं.

शेडचं शटर ओढून फोकस लावला. आईनं भिंतीवर खडूनं फुल्या मारल्या होत्या. फ्यूज स्क्रू फिरवायची आणि आई सांगायची, वर, अजून वर, खाली घे, बस. गोल लाइटांचे दोन झोत फुल्यांवर चपखल बसले. फ्यूजनं सगळं बंद केलं.

भिंतीवर दोन गोल तसेच राहिले.

फिके, ताकासारखे. आबांना वाटलं, आपल्याच डोळ्यांचा खेळ. पण फ्यूज हळू आवाजात आकडे मोजत होती. चारला ते गेले.

"तार गार व्हायला वेळ लागत असेल," आबा म्हणाले.

"हं," फ्यूज म्हणाली. तिच्या कपाळावर आठी होती. ती पुढे गेली आणि तिनं लाइटच्या काचेवर हाताची पाठ टेकवून पाहिली. काच गार होती. तिनं शटर वर केलं.

सूर्य बुडाल्यावर निघाले. आबा चाकावर, मध्ये फ्यूज, खिडकीशी आई. पश्चिमेला अजून तांबडं होतं आणि रस्ता मात्र काळवंडला होता. याच वेळेला आबा भीत. त्यांनी हाय बीम लावला आणि तोंडातून नुसतं "अगं" निघालं.

कडेचं गवत काडी काडी दिसत होतं. दूरच्या झाडावरची पानं हलताना दिसत होती. कठड्याचा उडालेला रंग, वळणावर बसलेला ससा, त्याच्या कानातली लाली. आबांना वाटलं, कुणीतरी रस्ता धुऊन पुसून पुढ्यात ठेवलाय.

"पुढे तीव्र वळण आहे," त्यांनी वाचलं, पाटी अजून कितीतरी लांब होती.

"एक," आई म्हणाली.

"गती कमी करा. दरडीपासून सावध. अरुंद पूल." कुणी बक्षिसांची नावं पुकारावीत तसे आबा वाचत होते. सहावी पाटी झाली, आठवी झाली. फ्यूज मध्येच गुणगुणायला लागली होती. आईनं डबा उघडून भाजलेले दाणे वाटले. अकराव्या पाटीला तर आबांनी खालची बारीक अक्षरंही वाचून दाखवली, पाटी कुणी रंगवली त्याचं नावसुद्धा.

"ते नव्हतं विचारलं," आई म्हणाली. पण तिचा चेहरा फुलला होता.

पुढे दोन टेकड्यांमधला सरळ पट्टा लागतो. दोन किलोमीटर, कुठे फाटा नाही, घर नाही. त्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला चार दिवे दिसले. वर दोन, खाली दोन गोल.

"आपल्यासारखेच लावलेत कुणीतरी," आबा खूश होऊन म्हणाले, आणि त्यांनी डिपर दिला. दोन आखूड, एक लांब.

समोरच्यानं दिला. दोन आखूड, एक लांब. पण नंतर नाही. अगदी त्याच वेळी.

"जोडीनं दिला," आई म्हणाली.

"पुढे वळणावर आरसा बसवला असेल," फ्यूज म्हणाली. "आपलेच दिवे दिसतायत."

आबांना ते पटलं. डिपरनंतर झोत खालीच होता, गोल लाइट विझलेले होते. गंमत म्हणून त्यांनी हॉर्न वाजवला. त्यांचे गोल लाइट भक्कन पेटले. समोरचेही पेटले. आबा हसले, पुन्हा वाजवला, पुन्हा तसंच. आईही हसली. आरसाच तो.

मग तिकडून हॉर्न ऐकू आला.

समोरचे गोल लाइट भक्कन पेटले आणि विझले. आबांचा हात तेव्हा मांडीवर होता.

फ्यूजचं गुणगुणणं थांबलं. "आरसा नाही," ती म्हणाली. "येतोय तो."

आबांनी वेग कमी केला. दिवे जवळ येत होते, सावकाश, गाडी उताराला सांभाळून आणावी तसे. आबांचं बोट डिपरच्या दांडीवर गेलं, आणि ते ओढायच्या आत समोरच्यानं डिपर दिला.

दोन आखूड. एक लांब.

"आधी दिला," आबा म्हणाले. "माझ्या आधी दिला गं."

इंजिनाचा आवाज यायला लागला. तो आवाज आबांना ओळखायला वेळ लागला नाही. तिसऱ्या गिअरमध्ये थोडं कण्हणारं त्यांचंच इंजिन होतं ते. बॉनेटवर डाव्या कोपऱ्यात त्यांच्याच ट्रकचा पोचा. बंपर तेवढा निळा रंगवलेला.

दोन्ही ट्रक एकमेकांच्या बाजूनं जाऊ लागले. समोरच्या केबिनमध्ये दिवा लागलेला होता.

चाकावर फ्यूज होती. चष्मा लागलेली, अंगानं भरलेली, एका हातानं चाक धरून. पलीकडे आई होती. केस सगळे पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे. फ्यूजनं काहीतरी म्हटलं आणि आई मान मागे टाकून हसली. काचा बंद होत्या, तरी ते हसणं आबांना ऐकू आल्यासारखं झालं.

मग नुसता मागचा लाल दिवा. मग तोही नाही.

आबांनी ट्रक कडेला घेतला. इंजिन बंद केलं. पुढे झोताच्या टोकाला बारावी पाटी उभी होती.

"टेकडी संपली," आबांनी वाचलं. "बारा."

पाटी बरोबर होती. किल्ली त्यांची होती. त्यांनी ती काढली आणि फ्यूजच्या हातात ठेवली.

"आबा, तुम्ही जिंकलात."

"जिंकलो म्हणूनच देतोय. बघितलंस ना कशी चालवत होतीस? एका हातानं. आणि रीत मोडली नाहीस, आधी डिपर दिलास. मी चाळीस वर्षं हेच म्हणतोय, कुणीतरी शिकेल." त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते आणि ते आईकडे बघून हसत होते. "आणि अगं, तू. म्हातारी झालीस पार. पण काय हसत होतीस. एवढी वर्षं पुढे जाऊनही एवढी हसणार असशील तर मला आणखी काय पाहिजे?"

आई त्यांच्याकडे बघत होती. फ्यूज किल्लीकडे.

"मी तुमच्याकडे बघण्यात एवढा गुंग झालो," आबा म्हणाले, "की स्वतःला बघायचंच राहिलं. मी खिडकीशी होतो का? जाड झालोय का?"

फ्यूजनं आईकडे पाहिलं.

"मला नीट दिसलं नाही, आबा," ती म्हणाली.

"तुला? तुझी नजर तर चांगली आहे." आबा आईकडे वळले. "तू सांग. कुठे बसलो होतो मी?"

"अहो, उतरा आता," आई म्हणाली. "गार वारा सुटलाय. तिला चालवू द्या."

आबा उड्या मारत खाली उतरले, पोरासारखे, ट्रकला वळसा घालून दुसऱ्या दाराशी आले आणि खिडकीकडच्या सीटवर चढायला लागले. आई तिथेच बसून होती. ती खाली उतरली, त्यांना आधी चढवलं आणि मग स्वतः चढून खिडकीशी बसली.

"मला मध्ये बसवतेस? पाट्या कशा वाचायच्या?"

"मी वाचते," आई म्हणाली.

फ्यूजनं ट्रक वळवला, सफाईनं, एका दमात. आबा तिला शाबासकी देत राहिले, डिपर कधी द्यायचा ते सांगत राहिले, मध्येच गाणं म्हणायला लागले. आई सगळ्याला हो हो म्हणत होती. दाराचं लॉक तिनं दोनदा ओढून पाहिलं होतं. आणि घर येईपर्यंत तिनं आबांच्या शर्टाची बाही मुठीत गच्च धरून ठेवली होती. सकाळी बघितलं तर शिवण उसवली होती.