बूट काढ आणि ये

"ताई, तुम्ही सगळ्या हातांनी बदाम दाखवताय ना... त्या ओळीत ती म्हणतेय, माझ्या हातांना मासळीचा वास येतो!"

इंदिरानगरात भाड्यानं घेतलेल्या गच्चीवर माझा सकाळचा डान्स क्लास चालू होता, एका स्पॅनिश गाण्यावर. आठ बायका, आठ बदाम – आणि दाराबाहेर हा, कुसाबाईंना सोडायला आलेला त्यांचा भाचा. गच्चीवर बूट-चपला बंद, म्हणून उंबऱ्यापलीकडेच उभा.

"ताई कोणाला म्हणता? मी आरोही. आणि तुम्हाला स्पॅनिश कसं येतं?"

"अमोल. सिन्नरच्या कारखान्यात आहे. कंपनीनं वर्षभर स्पेनला धाडलं होतं."

"मग अर्थ सांगा."

"रोज एक ओळ. ड्यूटी गाठायची असते हो..."

रोज एक ओळ. गाणारी बंदरावर मासळी धुवायची. जत्रेत तिनंच एका मुलाला नाचायला बोलावलं, त्याचंच हे गाणं.

"मग तो आला?"

"गाण्यात नाही सांगितलं. मुलाखतीत म्हणाली – मी विचारलं, माझं काम झालं."

हे सांगताना तो माझ्याकडे बघत होता. मी उगाच स्पीकरचं बटण फिरवत राहिले.

शेवटची ओळ मात्र सांगेना. "ती उद्या..." असं चार दिवस.

घरी वेगळंच चाललं होतं. वणीची मंडळी मला बघून गेली होती. लग्नानंतर क्लास बंद, हे त्यांनी चहा पितापिताच सांगून टाकलं. तरी आई फोनकडे डोळे लावून. "मुलाकडून निरोप येऊ दे. आपण मुलीकडचे, आधी कसं बोलायचं?"

माझा निरोप कोणी विचारलाच नव्हता.

पाचव्या सकाळी मी अमोलला दारातच गाठलं. "ओळ सांगा."

"बूट काढ... आणि ये." त्यानं मान खाली घातली. "आधी सांगितली असती तर वाटलं असतं, मीच म्हणतोय."

"मग म्हणायचं की!"

"आत्या म्हणाली, वणीचं स्थळ आहे. त्यांचा निरोप येईपर्यंत मी कसा..."

पुन्हा निरोपच! मी आईला फोन लावला. आठही जणी नाचायच्या थांबल्या.

"आई, वणीला आत्ताच कळव, माझा नकार आहे. हो, आधी आपणच. क्लास सोडणार नाही म्हणून सांग... घरी आल्यावर बोलू."

फोन ठेवला. अमोल नाही म्हणाला असता तरी तो नकार मी मागे घेणार नव्हते.

"अमोल, मला तुम्ही आवडता. तुमचं काय?"

गाणं आपलं चालूच...

"आरं बोल की मुडद्या!" कुसाबाई ओरडल्या. "पोरीनं इच्यारलं ना!"

तो खाली वाकला, नाड्या सोडल्या, बूट भिंतीशी नीट लावले आणि आत आला.

डाव्या मोज्याला भोक होतं. ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.