तहाचा शिक्का आणि सुतकी पाहुणा

क्वाकची बायको ओकदानच्या उंबऱ्यावर बसली ती उठेचना.

"आज तिन्हीसांजेला तहावर शिक्का उठायचाय आणि पेटी रिकामी! यांच्याच ताब्यात होती हो. शिक्का मिळाला नाही तर यांचं मुंडकं उडवतील."

बंदराबाहेर जपानची काळी जहाजं तोफा वळवून उभी होती. कोरियाच्या दरबाराने मान तुकवली होती.

ओकदान एकेकाळी कोतवालीत चहा करी आणि बायकांच्या झडत्या घेई. आता ती लोकांची कोडी सोडवी. "चला, भावोजी."

तिचा दीर मेंग याने हातातला वाडगा घाईने संपवला. "वहिनी, तोफांपुढे तुमची अक्कल चालेल?"

"तुमची चालत असेल तर व्हा पुढे."

तह व्हायचा होता त्या अतिथीगृहात शिक्क्याचा रखवालदार क्वाक भिंतीला टेकून बसला होता. "दुपारी एक सुतकी पाहुणा आत आला. मी वाकलो, नजर खाली घातली. तो गेल्यावरच वर पाहिलं."

"चेहरा?"

"टोपलीएवढी टोपी होती, बाई. सुतक्याच्या टोपीखाली कोण डोकावतं?"

स्वयंपाकीण म्हणाली, "माझ्याशी बोलला की! अगदी आपल्यासारखं, आपल्याच बोलीत. आई गेली म्हणे. बांबूच्या काठीवर भार टाकून उभा होता बिचारा. पेज दिली मी."

मेंगने सुस्कारा सोडला. "बाबा गेले तेव्हा मीही बांबूच टेकला. सालं निघाली हाताची. आईच्या वेळी निदान हलक्या लाकडाची काठी होती."

दुभाष्या प्यो आपल्या खोलीतच होता. तरुण पोर, डोळे तांबारलेले. "मी दुपारभर मसुदा वाचत होतो."

"बोली छान आहे तुमची," ओकदान म्हणाली.

"वडिलांची आहे. आमची नाव भरकटून जपानला लागली तेव्हा मी तान्हा होतो. तिथे आपली माणसं आम्ही दोघंच. आता कुठे परतलोय."

ओकदानने सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"पाहुणा परका असता तर स्वयंपाकघरात बोलीवरून त्याचं बिंग फुटलं असतं. इथे वाढलेला असता, तर आईच्या सुतकात बांबू धरला नसता. बांबू बापासाठी. भावोजींनी मघाशीच सांगितलं."

"मी? कधी?"

"बोली आपली, पण रीत ठाऊक नाही, असा माणूस या घरात एकच आहे."

प्योने बाहीतून शिक्का काढला. "बोली शिकवली बाबांनी. काठ्या शिकवायच्या राहिल्या."

"का केलंस रे?"

"जपानच्या माणसाने आपल्या बंदरात खून केला तरी न्याय त्यांचाच, असं तहात कलम आहे. आपल्या कोतवालाने नुसतं बघायचं. किती सांगितलं! ऐकलं कोणी? शिक्काच नसेल तर तह लांबेल, वाटलं. क्वाककाकांच्या मानेचा विचारच केला नाही मी."

शिक्का ओकदानच्या मुठीत होता. ती जहाजांकडे बघत राहिली. मागे क्वाकची बायको हुंदके देत होती.

"वहिनी, द्या ना," मेंग पुटपुटला.

तिने तो क्वाकच्या हातात ठेवला.

तिन्हीसांजेला प्योला बांधलेल्या हातांनी दालनात आणलं. दोन्ही भाषा येणारा दुसरा कोणी नव्हता. त्याने तह स्वच्छ आवाजात वाचला, तेही कलम वाचलं, एक शब्दही न गाळता. मग शिक्का उठला.