टेपचं दुमडलेलं टोक

"ठेवा तिथं, पावणं. काय झालंय?" निशिगंधानं मान वर न करताच विचारलं. उद्यमनगरातल्या तिच्या दुकानात कुणीही येवो, आधी त्याची बॅटरी बघायची आणि मग तोंड, हा तिचा शिरस्ता.

"ड्रिल मशीनची हाय. चार स्क्रू मारले की बसती."

आवाज ओळखीचा वाटला... पण पत्र्यावर पाऊस वाजत होता, तिनं लक्ष दिलं नाही. कवच उघडलं. आत पाच सेलच्या जुडग्यावर लाल टेप, आणि नखात धरता यावं म्हणून टेपचं टोक दुमडलेलं.

तिचा हात तिथंच राहिला. ही सवय तिची. "पुढं उघडणाऱ्याला सोपं जावं," म्हणत आयटीआयच्या बाकावर तिनं ती एकट्या सम्राटला लावली होती. पुण्याला कामाला गेला आणि जाताना चकार शब्द बोलला नाही, तोच सम्राट.

"ही आधी कुणी उघडलीती?"

"हुता एक अडाणी. टेप लावायची तेवढी शिकलावता."

आता तिनं वर बघितलं. दाढी आली होती, डोळे मात्र तेच. निशिगंधाची छाती अशी धडधडायला लागली की तिला स्वतःचाच राग आला.

"पुण्यात बॅटऱ्या करणारं कुणी न्हाय व्हय?"

"हायत की ढिगानं."

"मग?"

"मग... काय न्हाय. नेसरीला घरी आलतो. पुण्याचा मालक कायमचा कामावर ठेवून घेतो म्हणतोय, आज जबाब द्यायचाय. संध्याकाळची बस हाय. म्हटलं, त्याच्या आधी... बॅटरी दाखवावी."

रस्त्यापलीकडच्याला हाळी देऊन 'जेवलास का' विचारणारं हे गाव, पण एवढी एक गोष्ट बोलायला दोघांचीही जीभ रेटत नव्हती. तेव्हाही, आणि आताही.

तिनं मीटर लावला. "दोन सेल गेलेत."

"मग दोनच बदल."

"नवे जुन्यांच्या गळ्यात बांधू? परत रडत येशील. सगळेच बदलते. बस."

तो स्टुलावर बसला. तिनं सेलची टोकं घासली. सोल्डरिंग आयर्न टेकवायचं आणि लगेच उचलायचं, सेल तापला की गेला. राळेचा धूर उठला, आणि त्याच्यासंगं तो बाक, दोघांत मिळून असलेलं एकच आयर्न, तिचा नंबर आला की आयर्न द्यायला मुद्दाम रेंगाळणारा सम्राट... सगळं नाकातून थेट आत आलं. ते दिवस तिला असे काही आठवले की डोळे भरले.

"धूर गेला डोळ्यात," ती म्हणाली.

"माझ्या बी," सम्राट म्हणाला. धूर त्याच्याकडं जातच नव्हता.

जोडणी झाली. तिनं नवी टेप गुंडाळली आणि टोक अंगठ्यानं चापून बसवलं.

"टोक दुमडलं न्हाईस?"

"न्हाय."

"मग पुढच्यानं उघडायची कशी?"

निशिगंधानं कवचाचा शेवटचा स्क्रू आवळला. "पुढचं कोण न्हाय. हितनं पुढं ही मीच उघडणार. पुण्याला न्यायची न्हाय, सम्राट... आणि तू बी जायचं न्हाईस."

सम्राटनं फोन काढला, मालकाला दोन वाक्यांत नाही म्हणून सांगितलं आणि परत स्टुलावर बसला.

"तवाच म्हणली असतीस तर गेलोच नसतो."

"तू इचारलं असतंस, तर तवाच म्हणले असते की."